कात्री तिची, डिंक मामाचा

माझा मामा सोफे दुरुस्त करतो. लोक जुना सोफा त्याच्या दुकानात आणून टाकतात आणि मामा त्याचं कापड उसवून आत खांद्यापर्यंत हात घालतो. सोफ्याच्या पोटातून काय काय निघतं हे ज्याला ऐकायचं असेल त्याने दुपारी त्याच्याकडे जाऊन बसावं. केसांच्या पिना, पेनांची टोपणं, एकाच कानातलं डूल, पत्त्यांमधली राणी, दुधाचा दात. मामा हे सगळं कागदाच्या पुडीत बांधून गिऱ्हाइकापुढे ठेवतो. गिऱ्हाईक म्हणतं, "अहो, द्या टाकून." टाकून देणं हा प्रकार मामाला कुणी शिकवलेलाच नाही. ती पुडी त्याच्या चिकटवहीत जाते.

चिकटवही म्हटल्यावर आपल्याला शाळेतली आठवते. एका पानावर फुलं, एका पानावर वाहनं, खाली बाईंची सही. मामाची तसली नाही. तिला रेक्झिनचं कव्हर आणि त्याखाली फोमचा पातळ थर. उशाला घेतली तरी मान अवघडणार नाही. "यांनी जन्मात पुस्तक वाचलं नाही," मामी म्हणते, "पण बसायला चालेल असं पुस्तक केलं." आत घरातल्या माणसांचे फोटो आणि त्यांच्या भोवती सोफ्यातला माल, कापडांचे नमुने, झालरीचे तुकडे, बटणं. पान उलटायला दोन हात लागतात. आम्ही भाचरं त्याला पाठीमागे डिंकमामा म्हणायचो. तोंडावरही म्हटलं असतं, पण त्याची कात्री फार मोठी आहे.

गंमत म्हणजे दिवसभर रेक्झिन कापणारा हा माणूस चिकटवहीसाठी कात्री हातात धरत नसे. ते काम ताईचं. ताई म्हणजे त्याची एकुलती एक मुलगी. ती एवढीशी असताना एका रविवारी दुपारी तिला गप्प बसवायला मामाने एक बोथट कात्री आणि एक फोटो दिला. तिने त्यातून आपल्या आत्याला कापून वेगळं काढलं. आत्याचा एक कान मागेच राहिला. ही आत्या म्हणजे माझी आई. ती अजून त्या पानावर एककानी उभी आहे आणि विषय निघाला की अजून चिडते. मामाला मात्र ते काम इतकं पसंत पडलं की घरात कायदाच झाला. कात्री तिची, डिंक माझा.

मग दर रविवारी जेवणं उरकली की दोघं जमिनीवर फतकल मारून बसायची. ताई जीभ दातात धरून केसांच्या कडेकडेने कात्री फिरवायची आणि मामा डिंकाचा ब्रश हातात घेऊन वाट बघायचा. त्याला घाई नसे. कापता कापता ताईचं तोंड चालू असायचं. कोण कुणाशी बोलत नाही, कुठल्या बाई उगाच ओरडतात, गणित का जमत नाही. सरळ रेषेत कापताना ती फारसं बोलत नसे. नागमोडी कड आली की सुरू. मामी म्हणते, या पोरीने आयुष्यात जे काही सांगितलं ते कापता कापता सांगितलं. आपण समोर बसवून विचारावं तर "काही नाही" म्हणून उठते.

दुसऱ्या शहरात नोकरी लागल्याचंही तिने तसंच सांगितलं, मान खाली घालून.

"लांब आहे का?" मामाने विचारलं.

"थोडं," ती म्हणाली, आणि फोटोतल्या कुणाच्या तरी टोपीभोवती कात्री वळवत राहिली.

थोडं म्हणजे गाडीने जायला एक रात्र आणि वर अर्धा दिवस.

ती गेल्यावर मामाने फोटो एका पाकिटात ठेवायला सुरुवात केली. ताई आली की कापेल. ताई सुट्टीला आली ती झोपायलाच. सकाळी उठायची, जेवायची, पुन्हा झोपायची. मामा पाकीट घेऊन तिच्या दारापर्यंत जायचा आणि तिथूनच परत फिरायचा. "झोपू दे, दमलीये," असं मामीला सांगायचा, जणू मामीच तिला उठवायला निघाली होती. ताई परत गेली. पाकीट फुगत फुगत सोफ्याच्या उशीएवढं झालं. आम्ही म्हणायचो, मामा, तूच काप ना. त्यावर तो असा बघायचा की जणू आम्ही त्याला दुसऱ्याच्या ताटात जेवायला सांगतोय.

इथे माझा प्रवेश. मी दुकानांच्या पाट्या कॉम्प्युटरवर बनवतो, त्यामुळे घरात माझ्याकडे जाणकार म्हणून बघतात. माझं शिक्षण असं की आमच्या शाळेत एक कॉम्प्युटर होता आणि तो बघायला चपला बाहेर काढून रांगेने जायचं, हात लावायचा नाही. तेवढ्या भांडवलावर मी मामाला म्हणालो, "फोनवरपण चिकटवही करता येते. तू इथे पान उघडलंस की ताई तिकडे तेच पान उघडू शकते. एकाच वेळी. ती कापेल, तू चिकटव."

मामाने टाचण्या तोंडातून काढल्या. "एकाच वेळी?"

"एकाच वेळी."

"आणि डिंक कुठे लावायचा?"

"लागत नाही."

"मग पडत कसं नाही?"

 मोठा पडदा हवा म्हणून त्याने टॅब घेतला आणि मी त्याला शिकवायला बसलो. पहिले काही दिवस तो पडद्याला बोट लावण्याआधी ते पँटीला पुसायचा. पण हात कारागिराचा. बघता बघता तो दुकानातल्या ट्यूबलाइटखाली बटणांचे, पिनांचे, झालरींचे फोटो काढून पानावर मांडायला लागला. जुन्या वहीतली काही पानंसुद्धा त्याने टॅबवर नव्याने बांधली. पान पुरं झालं की टॅब सोफ्याच्या गादीखाली सरकवायचा. मी विचारलं तर म्हणाला, "वाळू दे." मग स्वतःच हसला, पण काढला नाही.

एक गोष्ट मात्र त्याने केली नाही. फोटो कापले नाहीत. माणसांचे फोटो जसेच्या तसे पानावर टाकले, मागची भिंत, कुणाचा तरी कोपर, कोपऱ्यातली बादली, सगळ्यासकट. अर्थात मुद्दाम. कात्री त्याची नाहीच. पान तयार करून त्याने ताईला पाठवलं आणि वाट बघत बसला.

ताईकडून लाल बदाम आला. खाली "मस्त बाबा".

पुढच्या पानालाही बदाम. त्याच्या पुढच्यालाही. बादली जागेवरच.

 मामाला काय वाटलं ते आपल्याला कळतं. सोफ्याला खिळे ठोकतानाचा आवाज बदलतो. एकदा म्हणाला, "तिला आता वेळ नसेल रे. मोठी झाली." आणि न कापलेले फोटो टाकायचं चालू ठेवलं. मामी मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "भाचेबुवा, तुम्ही हे खूळ घेऊन आलात, आता तुम्हीच निस्तरा. आधी पाकिटाकडे बघत बसायचे, आता त्या फळीकडे बघत बसतात."

मी ताईला फोन लावला. "काय गं, कात्री गंजली का?"

"कसली कात्री?"

"मामा पानं पाठवतोय ती कापत का नाहीस?"

"अरे, मी कशी कापू," ती म्हणाली. "बाबांना ते कापायचं बटण सापडत नाहीये बहुतेक. इतक्या हौसेने शिकलेत, त्यात मी जाऊन दुरुस्त्या केल्या तर त्यांना काय वाटेल? मला ती बादली बघून हसू येतं, पण राहू दे म्हटलं."

"ताई, तुझा बाप पोटापाण्यासाठी काय करतो?"

"सोफे."

"सोफ्यासाठी काय करावं लागतं?"

"कापावं..." म्हणता म्हणता तिला उमगलं. मग ती म्हणाली, "माझ्यासाठी ठेवलेत होय." आणि थोड्या वेळाने, "रविवारी दुपारीच बसतात ना अजून?"

त्या रविवारी मामाने केस विंचरले. समोरून फक्त आवाज येणार आहे, हे मी त्याला सांगितलं नाही. जमिनीवर फतकल, पुढे टॅब, बाजूला फोन. पडद्यावर पान उघडलं आणि त्याच्या वरच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका आला. त्याला शेपटीसारखं ताईचं नाव जोडलेलं.

"आली," मामा हळूच म्हणाला. बिळातून ससा बाहेर आल्यावर माणूस बोलतो तसं.

ठिपका पहिल्या फोटोवर गेला. बादली गायब. भिंत गायब. दुसऱ्या फोटोवर गेला, कोपर गायब. तिसरा, चौथा, पाचवा. मामाने बोटं मोडून मांडी नीट घातली तोवर पानावरची सगळी माणसं सुटी होऊन उभी होती, दोन दोन कानांची.

"झालं, बाबा," फोनमधून ताई म्हणाली. "आता यात एक बटण असतं, आपोआप कापतं. कुणाचे कान जात नाहीत. अजून आहेत का?"

"झालं?" मामा म्हणाला.

"हो. छान झालंय ना?"

"फार छान."

मग जेवलीस का, जेवले, तुम्ही, हो. ताई म्हणाली कपडे भिजवलेत ते धुते. ठिपका गेला. मामाने माणसं पानावर नीट लावली. त्यालाही वेळ लागला नाही. मग आम्ही दोघं बसून राहिलो. रविवारची दुपार आख्खी शिल्लक होती आणि तिचं काय करायचं ते दोघांनाही माहीत नव्हतं.

दोन दिवसांनी मामा माझ्या दुकानात आला. पाट्या बघितल्यासारखं केलं. मग म्हणाला, "ते बटण कापतं कसं?"

मी सांगितलं. एक रंग कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, ते बघतं आणि तिथून कापतं. मागचं आणि पुढचं सारखं दिसलं की गोंधळतं. केस, धागे, बारीक काड्या आल्या तर फार गोंधळतं.

"मग काय करतात?"

"मग हाताने कापायचं, बोटाने कडेकडेने. कटकट असते."

"कटकट असते," मामा म्हणाला, आणि चांगली बातमी मिळाल्यासारखा उठून गेला.

पुढच्या रविवारच्या पानावर मामी होती. फुलाफुलांच्या गाऊनमध्ये, फुलाफुलांच्या पडद्यापुढे. "मी भांडी घासत होते," मामी मला म्हणाली. "हात ओले. म्हणतात, पडद्यापुढे ये, प्रकाश बरा आहे. खिडकी तर या बाजूला आहे." पानावर तिच्या शेजारी एक कुंचा, एक वापरलेला कंगवा, आणि उसवलेल्या गादीच्या कडेची दशी.

ताईचा ठिपका आला. बटण दाबलं. मामीचा एक खांदा गेला आणि पडद्यातली चार फुलं तिच्या कमरेला चिकटून बाहेर आली.

ताई खदखदून हसली. "बाबा, आईबरोबर पडदा आलाय."

"मग?"

"हाताने करावं लागेल."

"कर की."

"आणि हा कुंचा कशाला वहीत?"

"आठवण," मामाने ठोकून दिलं.

ठिपका मामीच्या खांद्यावरून सावकाश उतरायला लागला. मामाने टॅब मांडीवर घेतला. बाहीच्या चुण्या आल्या तशी ताई बोलायला लागली. आधी ऑफिसातल्या वरिष्ठ बाईंबद्दल, ज्या जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांचे डबे हुंगतात. मग घरमालकिणीबद्दल. कंगव्याच्या दातांपर्यंत आली तेव्हा तिने सांगितलं की तिच्या खोलीत एक खुर्ची आहे, पण तिच्यावर कपडे असतात, आणि नसले तरी बसायला दुसरं कुणी नसतं. मामा "हं" म्हणत होता. मामी दारात उभी राहून ऐकत होती.

तेव्हापासून मामा दुकानात फोन घेऊन हिंडतो. चांगल्या वस्तू सोडून देतो. चांगली वस्तू म्हणजे जिची कड सरळ. त्याला हवी असते गुंता झालेली. गिऱ्हाईक सोफा घेऊन आलं की तो आधी त्याची जखम बघतो. परवा एक फार जुना सोफा आला, बाजूने फाटलेला, आतला काथ्या चहूबाजूंनी बाहेर पडलेला, झोपेतून उठलेल्या माणसाच्या डोक्यासारखा. मामाने त्याच्याभोवती फिरून फोटो काढला, पुन्हा जवळ जाऊन काढला. गिऱ्हाइकाला वाटलं नुकसानभरपाईसाठी काढतोय.

"हे काप म्हणावं आता," मामा मला म्हणाला.

रविवारी ताईने तो फोटो मोठा करून बघितला. मग म्हणाली, "बाबा, हे तुम्ही मुद्दाम करताय."

मामाने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

"याला संध्याकाळ होईल," ती म्हणाली.

"होऊ दे."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला, तिच्यावरचे कपडे खाली टाकल्याचा आवाज आला. ठिपका काथ्याच्या पहिल्या काडीच्या टोकाला जाऊन टेकला. एक काडी वर, वळण, खाली. दुसरी काडी वर. मामा पुढे वाकून बघत होता, हात मांडीवर मोकळे. ताईने दहाबारा काड्या कापल्या. मग एका वाकड्या काडीच्या वळणावर म्हणाली, "बाबा, मला इथं अजून करमत नाही."

ठिपका थांबला. मामी दारातून आत आली आणि खाली बसली.

मामाने घसा साफ केला. मला वाटलं आता तो म्हणेल, मग ये परत. त्याच्या ओठांवर ते आलंही होतं, मी बघितलं. पण त्याने पडद्याकडे नीट पाहिलं, बोटाने फोटोचा उजवा कोपरा दाखवला, आणि पलीकडून हे बोट दिसत नाही हे आठवून तोंडाने सांगितलं.

"उजवीकडे अजून पुष्कळ काथ्या आहे," तो म्हणाला. "सावकाश काप. तू सांग, मी ऐकतोय."