झाड, दुनळी आणि शाळेचं फाटक

आमच्या बाबांची दुनळी बंदूक भंडाऱ्याकडच्या शेतावरची. तिच्या आवाजानं रानडुकरं मरत नसत, थेट दुसऱ्या जिल्ह्यात बदली मागून घेत. भिलाईच्या स्टील प्लांटमधून रिटायर झाल्यावर त्याच बंदुकीच्या लायसनवर बाबा सुपेल्यात एका सोनाराकडे गनमॅन झाले. मिशा अशा, की गिऱ्हाईक भाव करायलाच घाबरे.

या शूर माणसाला दुनियेत एकाच व्यक्तीचा धाक: माझी पहिलीतली मुलगी. शाळेच्या नाटकात ती झाड झाली होती. झाडाला बोलायचं काही नव्हतं, न हलता उभं राहायचं फक्त. घरात ती अशी उभी राहायची, की तिच्यावर ओले टॉवेल वाळत घालायचे तेवढे बाकी होते.

"आबा, तुम्हाला यायचंच आहे, समझे?" तिनं बाबांना बजावलं होतं.

नाटकाच्या दुपारी बाबांनी बंदूक स्मृति नगरला घरी ठेवून मग शाळेत यायचं ठरलं होतं. पण सुपेल्याच्या चौकात गाड्या अशा अडकल्या, की माणसांनी तिथंच संसार थाटले असते. घरी जाऊन येईपर्यंत झाड स्टेजवरून उतरलं असतं. म्हणून बाबा खांद्यावर दुनळी घेऊन थेट शाळेकडे आले आणि लांब, कोपऱ्यावरच्या पानठेल्यापाशी थबकले. मी शाळेच्या फाटकातून धावत गेलो.

"चला ना बाबा, सुरू होऊन राहिलं!"

"लायसनवर छापलं हाय, शाळेच्या आवारात शस्त्र न्यायचं नाई. पाय टाकला तं लायसन गेलं, नोकरी गेली, अन् केस लागंल ते वेगळी."

"काडतुसं काढून ठेवा."

"बिनकाडतुसाची बंदूक का लाटणं हाय?"

"मग माझ्याजवळ द्या. मी थांबतो इथं."

"तुह्या नावचं लायसन हाय का? मंग दोघंही जेलात जाऊ, अन् झाड पाहाले कोण राहीन?"

"बरं, मोबाइलवर व्हिडिओ काढून आणतो."

"मोबाइलात झाड कोणतं अन् खांब कोणता, मले समजत नाई." बाबांनी तोंड फिरवलं. "तू जाय. तिले कोणीतरी आपलं दिसलं पाह्यजे."

मी आत गेलो. पोरगी अशी उभी होती, की अख्ख्या भिलाईतलं एकही खरं झाड इतकं गप्प नसेल. डोळे मात्र सगळ्या खुर्च्यांवरून मिशा शोधत फिरत होते.

पडदा पडला. "आबा नहीं आये?" पोरीनं विचारलं.

मी तिला पुठ्ठ्याच्या फांद्यांसकट कोपऱ्यावर नेलं. बाबा काही सांगायला गेले, तर तिनं हात वर करून गप्प केलं. पानठेल्यासमोर, धुळीत, ती झाड होऊन उभी राहिली. बाबाही सवयीनं ताठ झाले. झाड हलेना, गनमॅन हलेना. पानवाल्याचा चुना हातातच वाळला. एक चिमणी येऊन पुठ्ठ्याच्या फांदीवर बसली. आमच्या घरात हे कोणी मानत नाही, पण बसली.

शेवटी बाबांच्या मिशीवर एक थेंब आला. तो पुसायलाही त्यांनी हात उचलला नाही.

"हालली नाई पोट्टी," ते मला म्हणाले. "एकदाही नाई."

"आबा," झाड हळूच बोललं, "आप भी नहीं हिले."