बुडबुड्यांची साक्ष

परळच्या चाळीत वैशाली तांबेला सगळे ‘कॅप्टन’ म्हणत. लष्करातली नर्स, बरीच वर्षं सीमेवरच्या इस्पितळांत काढून निवृत्त झालेली. एकदा इस्पितळाच्या दारातच स्फोट झाला. ती वाचली, पण फटाका वाजला की अजूनही तिचा श्वास छातीत अडकायचा. बाबासाहेबांच्या जयंतीची मिरवणूक दाराशी आली की ही कॅप्टन मोरीत नळ सोडून बसायची. लहानपणी ती याच मिरवणुकीत लेझीम खेळली होती. ती मिरवणूक तिला परत हवी होती, दुसरं काही नको होतं.

कुणी विचारलंच, तर उत्तर ठरलेलं, “मी ठीक आहे.” तिची आई जाईबाईही तसलीच, झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणणारी.

शेवटी डॉक्टरांनी तिला दादरच्या तरणतलावावर पाठवलं. तिथे गिरगावची बेट्टी डिमेलो माजी सैनिक बायकांना स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली पोहणं, शिकवायची. तिचे नियम दोनच: पाण्याखाली श्वास रोखायचा नाही आणि जोडीदाराने खुणेने विचारलं तर खुणेने खरं सांगायचं. अंगठा आणि बोट जुळवून गोल केला तर ठीक, पालथा पंजा हलवला तर गडबड.

पहिल्याच बुडीत तळाशी बेट्टीने खुणेने विचारलं. वैशालीने झोकात गोल करून दाखवला. बेट्टीने आधी तिला श्वास सोडायला लावला, मग हळूहळू वर आणलं.

“काय गं, खोटं कशाला बोलते? बुडबुडेच नव्हते तुझे! हात खोटं बोलेल, बुडबुडे नाय बोलत.”

वैशालीला आधी राग आला, मग लाज वाटली. इस्पितळात मरणाऱ्या जवान पोरांनाही तिने ‘सगळं ठीक आहे’ असंच सांगितलं होतं. सवय जाते थोडीच! पुढच्या खेपेला मात्र तिने पंजा हलवला. बेट्टीने तिचा हात धरला आणि दोघी तळाशीच बुडबुडे सोडत बसल्या. त्या रात्री लेक कित्येक वर्षांनी गाढ झोपून घोरली, हे जाईबाई शेजारणींना कौतुकाने सांगत होती. लेकीने शिकवलेल्या खुणाही करून दाखवत होती.

यंदा मिरवणूक आली तेव्हा मायलेकी नाक्यावर उभ्या होत्या. ढोलामागून फटाक्यांची माळ लागली आणि वैशालीचा श्वास अडकला.

“बरी हायस ना?” जाईबाईने कानाशी विचारलं.

वैशालीने भर रस्त्यात पालथा पंजा हलवला.

जाईबाईने तो घट्ट धरला. “सोड श्वास. मी हाय.”

वैशालीने श्वास सोडला, मग घेतला. दुसरी माळ लागली, तीही सरली. लेझीमच्या पोरी समोर आल्या तेव्हा तिने आईकडे पाहिलं. जाईबाईच्या डोळ्यांना धार लागली होती. इतकी वर्षं मोरीच्या दाराबाहेर बसून तिचीही मिरवणूक हुकली होती. वैशालीने बोटांनी गोल करून विचारलं, ठीक?

जाईबाईने पालथा पंजा हलवला, आणि दोघी रडत-हसत तिथेच उभ्या राहिल्या.