आंब्याखालची शाळा

आमच्या गावात लोकल बोर्डाच्या शाळेला इमारत नव्हती, म्हणून ती देवळात भरायची. मास्तर मुरबाडकडचे, अंगानं काटकुळे. कुणी काही सुनावलं की छत्री काखेत सारून एवढंच म्हणायचे, "बरं, मग?" माझं दुकान देवळासमोरच, त्यामुळे रोज ते ऐकून मला चीड यायची.

गावाबाहेरच्या वाडीतल्या मजुरांची पोरं देवळात घ्यायची नाहीत, असं पाटलांनी बजावलं होतं. ती पायरीखाली उन्हात बसायची. एका सकाळी मास्तरांनी फळाच उचलला आणि सगळी शाळा आंब्याखाली नेली.

पाटील तणतणत आले. "तुमी गावाशी वाकडं घेता, मास्तर. नोकरी नाय राहायची."

"बरं, मग?"

तपासणीचे साहेब येणार त्या दिवशी पाटलांनी देवळात तोरण बांधलं, खुर्ची मांडली. साहेब ऐटीत जाऊन बसले. समोर एकही पोर नाही, आणि बाहेरून पाढ्यांचा गलका येतोय.

"अहो, शाळा कुठाय?" साहेब ओरडले.

मास्तर जागचे हलले नाहीत. आंब्याखालूनच म्हणाले, "शाळा इकडं हाय, साहेब. तिकडं नुसती खुर्ची हाय."