सळईवरची खाच

लढाईच्या वर्षांत लोखंडाला भाव आला आणि भंगारवाले गावोगाव फिरू लागले. मी तेव्हा मिरजेत एका दवाखान्यात कंपाउंडर होतो. जुन्या वैद्यांची हत्यारं वितळायला जाताना बघून माझा जीव खालीवर होई. म्हणून मी ती गोळा करू लागलो. चटके द्यायच्या डागण्या, दात उपटायचे चिमटे, रक्त काढायच्या तुंबड्या. डॉक्टर विचारायचे, "कंपाउंडर, भंगाराचं दुकान काढताय का?" हसेनात का.

त्यातली एक वस्तू मात्र अशी होती की तिच्यासाठी मी बाकीचं सगळं फेकून दिलं असतं. जतकडच्या एका म्हाताऱ्याची लोखंडी सळई. त्याच्या घरात तीन पिढ्या तिने मोतीबिंदू बाजूला सारत आल्या होत्या. टोकाच्या जरा मागे एक बारीक खाच होती. सळई डोळ्यात तेवढीच घालायची, पुढे नाही. किती जणांचे डोळे गेल्यावर ती जागा ठरली असेल, देव जाणे.

आता म्हाताऱ्याचे हात कापत, त्यालाच अंधूक दिसे. म्हणाला, "तुमी नीट ठिवाल म्हनून देतो. दसरा झाला की येतो, कशी धरायची ते दावतो. लिवून घ्या."

खंडेनवमीला मी एका डागणीच्या मागे साताऱ्याला गेलो होतो. त्या दिवशी घरोघर हत्यारांची पूजा. आदल्या दिवशी दारावर हत्यारांना धार लावणारा शिकलगार आला, तेव्हा बायकोने विळी, कोयता आणि माझं कपाटातलं सगळं त्याच्यापुढे ठेवलं. मी परतलो तर पाटावर हत्यारं लखलखत होती, वर झेंडूची फुलं. सळईला नवं टोक होतं. खाच नव्हती.

"आवं, गंजकी हत्यारं द्येवापुढं कशी मांडायची?" ती म्हणाली.

मी पाट उधळून दिला. नको ते बोललो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तुमी मला कवा सांगितलं व्हतं?"

सांगितलं नव्हतंच. हिला त्यातलं काय कळणार, असा माझा तोरा होता. कानशीने नवी खाच पाडावी असंही मनात आलं, पण कुठे पाडणार? मी साधं मापसुद्धा घेतलं नव्हतं. भंगारवाल्याने वितळवली असती, मी घासून संपवली. फरक काय तो? त्या आठवड्यात मला स्वतःची शिसारी आली होती.

दसरा झाला आणि म्हातारा काठी टेकत आला. मी सळई त्याच्या हातात दिली. त्याने टोकापासून मागे अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग ती शांतपणे मला परत केली.

"ही न्हवं. माजी द्या."

खरं सांगायचं सोडून मी उठलो. कपाट उघडून मी एकेक हत्यार उचलून खाली ठेवू लागलो.

तो भिंतीला टेकून बसला. म्हणाला, "सावकाश शोदा. मला काय घाई न्हाई."