जबाबातला एक काना

ती घटना आठवली की आजही मला माझ्याच अक्षराची लाज वाटते. अक्षर माझं चांगलं होतं, त्याबद्दल वाद नाही. साताऱ्याकडच्या शाळेत गुरुजींनी छडी मारून लावलेलं वळण होतं ते. ठाण्यात महत्त्वाचा जबाब असला की वरिष्ठ म्हणायचे, "तुम्हीच लिहा, वाचायला त्रास होत नाही." या कौतुकानं मी फुगलो होतो, हेही कबूल करतो.

बदली होऊन चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्यात उपनिरीक्षक म्हणून हजर झालो, त्याला जेमतेम महिना झाला होता. एका बाजूला कापसाची शेती, दुसऱ्या बाजूला सिमेंटचे कारखाने आणि मधून सागाच्या जंगलातून जाणारा रस्ता, अशी आमची हद्द. इकडे बैलगाडीला बंडी म्हणतात, एवढं मी पहिल्याच आठवड्यात शिकलो होतो. शिकल्याचा अभिमानही होता.

पावसाळ्याचे दिवस होते. दुपारी ग्रामीण रुग्णालयातून फोन आला. कोरपन्याहून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हर-कंडक्टरनं रस्त्याकडेला पडलेल्या एका म्हातारीला उचलून आणलं होतं. निंदणाचं काम आटोपून घरी निघालेली ती बाई. खुबा मोडला होता, डोक्याला मार होता. डॉक्टर म्हणाले, "चंद्रपूरला हलवतोय. काय विचारायचं ते दोन मिनिटांत विचारा."

मी वाकून विचारलं, "आजी, कोणी पाडलं?" तिचे ओठ सुजले होते. ती काहीतरी पुटपुटली. मी पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा तेच सांगितलं. मी लिहिलं, 'मला बंडीने पाडले.' खाली प्रत्येक जबाबात असतं ते ठरलेलं वाक्य लिहिलं, 'जबाब वाचून दाखवला, माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.' अंगठा उठवून घेतला. वाचून मात्र दाखवला नव्हता. स्ट्रेचर हललं होतं, आणि ते वाक्य लिहायची हाताला इतकी सवय होती की ते खोटं आहे असं वाटलंही नाही.

तिच्या लुगड्याचा पदर फाटलेला होता आणि त्याला काळं वंगण लागलं होतं. बंडीच्या आसाला वंगण असतंच. माझं गणित जमलं.

दुसऱ्या दिवशी खबऱ्यानं टीप दिली. म्हातारीच्या शेताला लागून एका शेतकऱ्याचं शेत होतं. पन्नाशीचा माणूस, एक बैलजोडी, एक बंडी. दोघांचं पांदणीवरून, म्हणजे शेतात जायच्या वाटेवरून, दर पावसाळ्यात भांडण. आणि त्या दुपारी तो त्याच रस्त्यानं बंडी घेऊन गेला होता. आणखी काय हवं? मी बंडी पंचनामा करून जप्त केली, ठाण्याच्या आवारात कडुनिंबाखाली उभी केली आणि त्याला चौकशीला बोलावलं.

अटक केली नव्हती. पण सकाळी बोलवायचं आणि संध्याकाळी सोडायचं, हे अटकेपेक्षा कमी नसतं. डवरणीचे दिवस होते ते. दोन पिकांच्या ओळींमधून बैलांनी डवरा ओढून तण काढायचं, नाही तर तण कपाशीला खातं. त्याचे बैल घरी उभे आणि तो आमच्या बाकावर बसलेला. मी दरडावून विचारायचो. तो एकच उत्तर द्यायचा.

"साहेब, म्या नाई पाडलं. आमी भांडतो, पण मारणार काऊन? तिच्या धुऱ्यावरची बोरं मायी पोरं खाते." धुरा म्हणजे शेताचा बांध, हे मी नंतर विचारून घेतलं.

"मग बंडी कोणाची होती?"

"मले काय मालूम जी?"

मला तो बनेल वाटला. खरं सांगायचं तर मला तो गुन्हेगार असायला हवा होता. गावात तर निकाल लागूनच गेला होता. त्याच्या बायकोला विहिरीवर बायका बोलेनात. म्हातारीचं ऑपरेशन झालं होतं, ती ग्लानीत होती. ती गेली असती तर हा माणूस आयुष्यभर 'म्हातारीवर बंडी घालणारा' म्हणून राहिला असता, आणि तो कागद माझ्या सुंदर अक्षरातला असता.

चौकशीच्या चौथ्या दिवशी दुपारी ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी मी डायरी लिहीत होतो. आवारात एक भटकं कुत्रं यायचं, कधीतरी गाडीखाली शेपूट गमावलेलं. आमच्या महिला शिपाई होत्या, सिंदेवाहीकडच्या. त्यांचा डबा हुंगायला ते आलं तशा त्या ओरडल्या, "हट रे बांड्या!"

मी सहज विचारलं, "काय नाव ठेवलंत त्याचं?"

"नाव नाई साहेब. शेपूट नाई ना त्याले, म्हणून बांडा. गाय असली तर बांडी."

माझी लेखणी थांबली. दवाखान्यातला तो पुटपुटलेला आवाज आठवला. पहिलं अक्षर लांब होतं. ओठांच्या सुजेमुळे लांबलं असेल, असं मी तेव्हा धरून चाललो होतो.

"बाई, शेपूट नसलेलं जनावर माणसाला पाडेल का?"

मी पुढे केलेला जबाबाचा कागद त्यांनी पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. वरिष्ठाला चूक कशी सांगावी, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता. "साहेब, ते पोट्टे मोटरसायकलचं मागचं मडगार्ड कापतेत ना, गाडी साफ दिसावी म्हणून? त्या गाडीले आमच्याकडं बांडीच म्हणते. आजी बंडी नसंल म्हटली. बांडी म्हटली असंल."

एका कान्याचा फरक. मी बाहेर कडुनिंबाकडे बघितलं. तो शेतकरी आपल्या जप्त बंडीच्या सावलीत बसून भाकर खात होता.

त्याला तेव्हाच घरी पाठवलं आणि मी त्या महिला शिपायांना घेऊन निघालो. मडगार्ड कापायची हौस तिकडे बरीच. मागचं लांब मडगार्ड, साडी अडकू नये म्हणून चाकाशेजारी लावलेली जाळी, सगळं काढायचं आणि नंबर प्लेट सीटखाली वाकवून लावायची. गाडी दिसते देखणी. पावसात मालकाच्या पाठीवर मानेपर्यंत चिखलाची रेघ उठते, ती त्याला दिसत नाही एवढंच. मागून येणाऱ्याला दिसते.

तालुक्याच्या गावी एकच मेकॅनिक हे काम नीट करायचा. कापलेले तुकडे त्याच्या दुकानामागे पडले होते. आम्ही विचारलं तसा तो म्हणाला, "साहेब, कापायले लय येते. पण चार दिवसांआधी एक जण उलटा आला. म्हणे, माया तुकडा कुठी आहे, वेल्डिंग करून परत जोडून दे. डोळे लाल. म्या म्हटलं, बावा, अर्धा इंच घासून काढलं, आता कसं जुडंल? तर इथीच खाली बसला."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. पण कापलेलं जोडायला येणारा माणूस नुसता चोर नसतो, हे मला तिथेच जाणवलं. तो तुकडा आम्ही पंचांसमक्ष ताब्यात घेतला.

मेकॅनिकनं दिलेल्या पत्त्यावर तो मुलगा सापडला. सव्वीस वर्षांचा होता, कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला. ठाण्यात आणून मी त्याला चहा दिला आणि टेबलावर मडगार्डचा तुकडा ठेवला. काही विचारलं नाही. आधीच्या चार दिवसांत मी पुरेसं ओरडलो होतो. त्यानं चहाला हात लावला नाही.

"आजी जित्ती आहे का?" त्याचं पहिलं वाक्य.

"आहे."

तो रडायला लागला. मग सगळं आलं. "म्या धडक नाई मारली साहेब. पाऊस लागला होता, आजी पायी जाऊन राह्यली होती. म्या म्हटलं, बस आजी, सोडून देतो. ते बसली. वळणावर तिचा पदर चाकात गेला. मडगार्ड असतं तर गेला नसता. चेनमधून पदर फाडून काढला. रगत पाह्यलं अन् माये हातपाय गेले. नवीन गेटपास झाला होता, वाटलं, केस झाली तर कामावरून काढतीन."

"आणि टाकून पळालास?"

"एसटी थांबली तवरिक सागाच्या झाडामागं उभा होतो. तिले उचललं, मंग गेलो."

मी त्याला रागवायचं ठरवलं होतं. जमलं नाही. मदत करायला थांबलेला माणूस भीतीनं पळाला होता. मी तर भीतीही नसताना एका निरपराध माणसाला चार दिवस बाकावर बसवलं होतं.

म्हातारी शुद्धीवर आल्यावर पुरवणी जबाब घ्यायला मी चंद्रपूरला गेलो. आधीचा जबाब या वेळी खरंच वाचून दाखवला. 'बंडी' शब्दावर ती खाटेवरून ओरडली, "बंडी कोणं म्हटलं? म्या बांडी म्हटलं, बांडी! बंडीवाला तर माया धुरेकरी. अन् त्या पोट्ट्याले मारू नोका. त्यानं मले बसवलं. पाडलं त्या बांडीनं."

पहिल्या दिवशीही तिनं नेमकं हेच सांगितलं होतं. दोष माणसाला दिला नव्हता, गाडीला दिला होता. त्या मुलावर गुन्हा दाखल झाला, कोर्टात त्यानं कबुली दिली, कायद्यानं व्हायचं ते झालं. म्हातारीनं कोर्टातही 'बसवलं त्यानंच' हे सांगायचं सोडलं नाही.

राहिली बंडी. ती पुरवणी जबाबानंतर लगेच परत देताना मी शेतकऱ्याला म्हटलं, "भाऊ, चूक माझी झाली." तो आसाला हात लावून बघत राहिला. मग म्हणाला, "मले सांगून काय फायदा जी? मले तं मालूमच होतं. गावात सांगसान का?"

दुसऱ्या दिवशी मी गणवेशात, टोपी घालून, त्याच बंडीत बसून गावात गेलो. ग्रामपंचायतीसमोर माणसं जमली. मी उभ्यानं सांगितलं की या माणसाचा काही संबंध नाही, मी चुकीचं ऐकलं आणि चुकीचं लिहिलं. साताऱ्याच्या अभिमानाला ते फार जड गेलं. जमलेल्या बायकांत त्याची बायको मागे उभी होती. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पुढे येऊन उभी राहिली. डवरणीला मिळालेली उघडीप बाकावर गेली होती आणि कपाशीत तेव्हा तण गुडघ्याला लागलं होतं. ते मात्र मला परत करता आलं नाही.

पुढे जिथे बदली झाली तिथे मी जबाब लिहिणाऱ्यांना एकच नियम घालून दिला. माणसाचा शब्द त्याच्याच बोलीत लिहा, कळला नाही तर विचारा, आणि 'वाचून दाखवला' हे वाक्य वाचून दाखवल्यावरच लिहा. साधी गोष्ट आहे. मला ती एका माणसाच्या हंगामाच्या किमतीत कळली.

दवाखान्यात पुरवणी जबाबावर अंगठा उठवताना म्हातारीनं विचारलं होतं, "चुकलं काय होतं लिहिताना?" मी म्हटलं, "एक उभी रेघ राहिली, आजी." तिनं शाईचा अंगठा खाटेच्या चादरीला पुसला.

"मले लिवता येत नाई," ती म्हणाली, "अन् तुमाले आयकता येत नाई. बराबर झालं."