आत वाचलेलं बाहेर न्यायचं नाही

माझं डोकं गरम आहे, हे आधीच सांगून टाकतो. बीडच्या ज्या कॉलेजात मी संगणक शिकवतो, तिथल्या पोरांना ते पहिल्याच तासाला कळतं. त्यामुळे आमच्या संशोधन केंद्रासाठी विद्यापीठानं ‘सुरक्षित संगणक कक्ष’ मंजूर केला आणि तो सांभाळायला कोण, असा प्रश्न आला, तेव्हा विभागप्रमुखांना फार विचार करावा लागला नाही. "कुत्रं पाळायचं तर चावरंच पाळावं," असं ते स्टाफरूममध्ये म्हणाले म्हणे. माझ्यासमोर म्हणाले, "तुमच्यासारखा जबाबदार माणूस नाही." मी दोन्ही वाक्यं खरी धरली आणि कामाला लागलो.

काम तसं सरळ होतं. लोकांच्या आजारपणाची, घरच्या अडचणींची माहिती गोळा करून संशोधन करायचं, तर ती माहिती प्राध्यापकांच्या लॅपटॉपमधून आणि पेन ड्राइव्हमधून गावभर फिरू नये. ती एका खोलीतल्या संगणकांवर ठेवायची, आणि ज्याचा प्रकल्प आहे त्यानं तिथं येऊन बसायचं. प्रत्येक प्रकल्पाला वेगळा कप्पा. एकाचा दुसऱ्याला दिसणार नाही. इंटरनेट नाही, मोबाईल बाहेरच्या टेबलावर. प्रबंधात घालायला काही मजकूर बाहेर न्यायचा असेल तर आधी तो मी वाचणार, त्यातून कुणाची ओळख पटत नाही ना ते बघणार, आणि मगच सोडणार. या सगळ्याचं सार म्हणून मी दारावर एक पाटी लावली: आत वाचलेलं बाहेर न्यायचं नाही.

पण आपल्याकडं आल्यागेल्याला दारातून परत पाठवणं म्हणजे त्याचा अपमान! उद्घाटनाला विभागप्रमुखांना नारळ थेट सर्व्हरसमोर फोडायचा होता. "सर, पाणी उडालं तर उद्घाटन आणि समारोप एकदमच होईल," असं म्हणून मी त्यांना उंबऱ्यापर्यंत मागं आणलं. नंतर ते रोज एखादा पाहुणा घेऊन यायचे. "आपलाच माणूस हाय, बघू द्या की जरा." मी म्हणायचो, सर, आपलाच आहे म्हणूनच नको, परक्याला त्यातलं कुणी ओळखूच येणार नाही. त्यावर ते पाहुण्याला घेऊन कँटीनकडं जायचे आणि तिथं माझ्याबद्दल काय बोलायचं ते बोलायचे.

सीताफळ पिकवणाऱ्यांच्या कर्जावर काम करणाऱ्या एका प्राध्यापकांनी तर कमाल केली. त्यांना कप्प्याचा पासवर्ड दिला, तो त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाबाच्या फुलासकट सगळ्या स्टाफच्या ग्रुपवर टाकला. विचारलं तर म्हणाले, "कुणाला अडलं-नडलं तर असावा म्हणून." आता अशा माणसावर ओरडायचं तरी कसं? तरी ओरडलोच मी. पासवर्ड बदलला आणि त्यांना सांगितलं, सर, हा तुमच्या बायकोलाही सांगायचा नाही. ते गंभीर झाले. "तिला तर पहिला पासवर्ड बी सांगितला न्हवता," म्हणाले.

मग ती आली. पीएच.डी. करणारी मुलगी, ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या आजारपणावर काम करत होती. शिरूर कासारकडच्या गावांत फिरून, अंगणात, ओट्यावर बसून तिनं बायकांना बोलतं केलं होतं आणि ते बोलणं जसंच्या तसं टाइप करून आणलं होतं. माझ्यासमोर बसली आणि पहिलं वाक्य हे बोलली, "सर, मी त्यांना शब्द दिलाय. यातलं त्यांच्या घरातसुद्धा कुणाला कळणार नाही. जमेल ना?"

"जमेल ना काय? त्यासाठीच तर बसलोय इथं," मी म्हणालो. बोलायला काय जातंय.

तिचा कप्पा मी मोठ्या हौसेनं उभा केला. प्रत्येक बाईला नावाऐवजी क्रमांक दिला. कोणता क्रमांक कुणाचा, ते फक्त तिच्यापाशी. बायकांची, त्यांच्या नवऱ्यांची आणि गावांची नावं तिनंच एका यादीत भरली, ती यादी मी उघडलीही नाही, आणि सगळ्या मजकुरात ती नावं शोधून पुसणारा एक छोटा प्रोग्राम मी लिहिला. चालवला. फटाफट नावं गेली. मी विभागप्रमुखांना बोलावून दाखवलं. त्यांनी पाठ थोपटली.

तिला प्रबंधासाठी काही पानं बाहेर न्यायची होती. नियमाप्रमाणं मी वाचायला बसलो. दुपारची वेळ, पंखा चालू, पोटात गरम जेवण. मी आपला निवांत वाचतोय. एका बाईचं बोलणं होतं. बोलता बोलता ती अडखळली असावी, कारण मध्येच शेजारची कुणीतरी म्हणते, "अगं अमक्याची आई, सांग की सगळं. आपलीच लेक हाय ती."

त्या ‘अमक्या’च्या जागी माझं घरातलं नाव होतं. ते नाव मी इथं लिहिणार नाही. कॉलेजात कुणाला माहीत नाही आणि ते तसंच राहावं अशी माझी इच्छा आहे. गावाकडं बाईला तिच्या नावानं कोण हाक मारतं? लेकरू झालं की ती त्या लेकराची आई. मी याच मातीतला, तरी प्रोग्राम लिहिताना मला ते सुचलं नाही, आणि त्या मुलीलाही नाही. आधार कार्डावरची नावं आम्ही पुसली, तोंडातली सगळी तशीच राहिली होती. पण हा विचार नंतरचा. त्या वेळी मी फक्त पुढची ओळ वाचली.

"पाळी जाऊन लई साल झाले. आता पुन्यांदा अंगावरून जातंय. कुणाला सांगू? घरात बाईमाणूस न्हाई. पोरगा हाय. गुणाचा हाय, पण डोकं म्हंजी तापला तवा. त्याला कळलं तर दवाखाना डोक्यावर घील. अन् डॉक्टर म्हणंल पिशवी काढा. आमच्या टोळीतल्या किती जणींच्या काढल्या. त्यापेक्षा ऱ्हाऊ दे."

तापला तवा! हा शब्द माझ्यासाठी जगात एकच बाई वापरते. माझी आई. आम्ही मूळचे शिरूर कासारकडचेच. आई-वडील दर साली ऊसतोडीला जायचे. वडील गेल्यावर मी आईला बीडला आणलं. घरात आम्ही दोघंच. जत्रेला म्हणून ती गावी माझ्या मावशीकडं जाऊन राहिली होती, तेव्हाचं हे बोलणं. माझा तापट स्वभाव परक्या मुलीला सांगितलेला वाचून आधी मला हसू आलं. मग त्याआधीची ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली. त्या वयात असं रक्त जाणं बरं नव्हे, एवढं मलाही माहीत होतं.

(हे सगळं लिहायची परवानगी आईनंच दिली आहे, नाव मात्र कुणाचंच नको म्हणाली. मी ते वाचलं होतं हेही तिला पुढं सांगितलं. त्यावर ती जे बोलली ते छापण्यासारखं नाही.)

मी उठलो, बाहेरच्या टेबलावरून गाडीची किल्ली उचलली. घरी जायचं, आईला गाडीवर बसवायचं आणि दवाखाना गाठायचा, दुसरं काही सुचत नव्हतं. कॉलेजच्या फाटकापर्यंत गेलो आणि थांबलो. जाऊन सांगणार काय? तुला काय होतंय ते मला कळलं? कुठून कळलं? त्या पोरीनं दिलेला शब्द माझ्याच हातून मोडला असता. त्या अंगणातली एकही बाई पुन्हा कुणापाशी तोंड उघडती ना, आणि आई तर माझ्यापाशी कधीच नाही. मला इतका राग आला, इतका राग आला! आणि काढायला समोर कुणीच नव्हतं. फाटकाशी उभा राहून मी चुपचाप एक चहा प्यालो आणि परत फिरलो.

मुलगी आली तेव्हा तिला म्हणालो, "पानं सोडता येणार नाहीत. हाका मारायची नावं राहिलीत सगळीकडं." तिनं वाचलं आणि कपाळाला हात लावला. मग मी तो क्रमांक दाखवला. "ही बाई कोण, ते मला सांगायचं नाही. पण तिला डॉक्टरकडं न्यायला पाहिजे. लवकर."

"सर, मी कुणाला सांगणार नाही असा शब्द दिलाय."

"कुणाला सांगू नकाच. तिलाच जाऊन सांगा. आणि पिशवीचं एकदम काही बोलणार नाही अशी डॉक्टरीणबाई गाठा."

दोन-तीन दिवस मी घरात पाय आपटत फिरलो. आईनं दोनदा विचारलं, "कावून रं, पोटबिट दुखतंय का?" माझंच पोट! रविवारी सकाळी दार वाजलं. उघडलं, तर ती मुलगी उभी. ती मावशीकडं जाऊन आली होती. मावशीनं सांगितलं की बाई लेकाकडं बीडला गेली, आणि घराच्या खुणा दिल्या. लेक कोण, हे तिला मला दारात बघून कळलं. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

आतून आई ओरडली, "कोण हाय?"

"आई, तुझ्याकडं पाहुणी आलीय," मी म्हणालो. "मी दळण घेऊन येतो."

दळण आदल्याच दिवशी आणलं होतं. तरी मी पायलीभर ज्वारी डब्यात ओतली आणि गिरणीत जाऊन बसलो. नंबर आला तरी दुसऱ्याला पुढं जाऊ दिलं, तेव्हा गिरणीवाल्यानं माझ्याकडं काळजीनं बघितलं. घरी आलो तर आई एकटीच होती, डोळे पुसलेले, पण चेहरा मोकळा. म्हणाली, "तुज्या कालेजातली पोरगी हाय म्हणं. लई चांगली हाय. उद्या मी तिच्यासंगं कपिलधारला दर्शनाला चालले."

"जा की," मी म्हणालो.

आई कपिलधारला गेली. संध्याकाळी परत आली, कपाळाला अंगारा नाही, पिशवीत प्रसाद नाही. हे तिच्याही लक्षात आलं असावं, कारण पुढच्या खेपेला तिनं कोपऱ्यावरच्या दुकानातले पेढे आणले. खोक्यावर दुकानाचं नाव होतं. मी दोन पेढे खाल्ले, हात जोडले. मग आणखी एक खेप झाली, त्या दिवशी ती चालताना जरा सावकाश होती. "पायऱ्या लई हायत तिथं," म्हणाली. मी भाकरी करायला घेतली, त्या नकाशासारख्या झाल्या, तिनं मुकाट्यानं खाल्ल्या. इकडं मी आणि ती मुलगी कक्षात बसून एकेक हाक पुसत होतो. कामाशिवाय एक अक्षर आम्ही बोललो नाही. फक्त एकदा कप्पा बंद करताना ती स्क्रीनकडंच बघत म्हणाली, "सर, काळजीचं काही नाही." मी तोंड धुवायला बाहेर गेलो.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी आईनं मला समोर बसवलं. "आता तुला सांगते," म्हणाली. आणि तिनं सगळं सांगितलं. तेच, जवळजवळ त्याच शब्दांत. आत मांसाचा बारीक कोंब होता, तो काढला, तपासणीत साधा निघाला, पिशवी जागच्या जागी. मी पहिल्यांदाच ऐकतोय असा ऐकत राहिलो. शेवटी मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस गं?" उत्तर मला पाठ होतं. दवाखाना डोक्यावर घेशील, म्हणेल.

पण ती ते म्हणाली नाही.

"मागं माझा पाय मोडला, तवा तू आधी वॉर्डबॉयसंगं भांडलास. मग नर्ससंगं. मग डॉक्टरसंगं. माझ्यासाठीच भांडत व्हतास, मला ठाऊक हाय. पण मी तिकडं स्ट्रेचरवर एकलीच व्हते रं. ह्या टायमाला मला जवळ बसणारं माणूस पायजे व्हतं."

तीच मग हसली, माझ्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाली, "परवा दाखवायला बोलावलंय. तू चल. पण नुसता बस."

गेलो. दवाखान्यात ही गर्दी. आमच्या पुढं दोघीच राहिल्या होत्या, तेवढ्यात पांढऱ्या कपड्यातला एक माणूस आला, कंपाउंडरच्या खांद्यावर हात टाकला आणि आपलं पेशंट घेऊन सरळ आत शिरला. माझ्या कानशिलात आग पेटली. आई माझ्याकडंच बघत होती. मी तिचा हात घेतला, तो ऊस तोडून खरबरीत झालेला हात, आणि तो दोन्ही हातांत धरून बसून राहिलो.