सुगतची वंदनेची सीडी

झरीचा आमचा सुगत परभणीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवायचा. गडी लय शांत. बिघडलेल्या मशीनम्होरं आजाऱ्याच्या उशाशी बसल्यावानी बसायचा.

त्याची माय सुलावैनी रोज सकाळी गावातलं बुद्धविहार झाडायची, मेणबत्ती लावायची. विहाराला कोणी तरी जुना कॉम्प्युटर दिल्ता. पण तिला अक्षर येत न्हाई. बुद्धवंदना लावायची म्हणलं की कोणाला तरी हाका मारायच्या. लोक आलो आलो म्हणायचे आन् यायचेच न्हाई. हे सुगतच्या मनाला लागलं. त्यानं ठरवलं, मायनं सीडी आत घातली की वंदना आपोआप सुरू झाली पायजे. कोणाची मिनतवारी नको.

सोताच्या आवाजात वंदना भरली. विंडोजसाठी सीडीत एक बारकी फाईल ठेवली, आल्या आल्या हे सुरू कर म्हणून सांगणारी. विहारात चालली. मंग पेडगावच्या लोकांनी मागितली. तितल्या कॉम्प्युटरात विंडोजच्या जागी लिनक्स. त्या मशीननं त्या फाईलीकडं बघितलं बी न्हाई, त्याला त्याची येगळी लागती. चुडाव्याच्या एका गुरुजीकडं मॅक व्हता, तो तर आपोआप काहीच सुरू करत न्हाई. त्याच्यासाठी सीडीत एकच मोठं दिव्याचं चित्र ठेवलं, त्याच्यावर दाबायचं. ह्या खटपटीत वाया गेलेल्या सीड्या किशनरावच्या ज्वारीत लटकल्या, पाखरं हाकलायला. किशनराव म्हणायचा, आजून चार बिघडव बाबा, वरल्या बांधाला कमी पडायल्यात.

पुढं विहारातला कॉम्प्युटर लय रेंगाळायला लागला, म्हणून सुगतनं त्याच्यात बी लिनक्स टाकलं. आता सीडी घातली की आदी पडद्यावर पाटी यायची, चालू करू का म्हणून. वैनी रुसली.

"मी काय परकी हाव का? रोज फडक्यानं पुसते की त्याला."

"माय, दारात कोणी आलं तर तू इचारतीस ना, कोण हाय म्हणून? तसंच हाय ते. पाटी आली की हे मोठं बटण दाब. वाचायचं काम न्हाई."

तिचं बोट धरून त्यानं बटणावर ठेवलं. बटण ध्यानात ऱ्हाईपर्यंत रोज ठेवलं.

मंग सुगतला कावीळ झाली. दवाखाने केले, पण गेला. कॉम्प्युटरवर वैनीनं फडकं टाकलं, ते काढलंच न्हाई.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हंजी त्याच्या आठवणीच्या कार्यक्रमाच्या दिवशी समदे विहारात जमले. वंदना सुगतच्याच आवाजात लावू, असं कोणी तरी म्हणलं. वैनी उठली. फडकं काढलं, सीडी घातली. पाटी आली. वैनी नुसती बघत ऱ्हायली. तिला जमायलं न्हाई असं वाटून सुगतच्या धाकट्या भावानं, नागेशनं हात पुढं केला.

"ऱ्हाऊ दे नागेश. मला इचारायलंय ते."

आन् तिनं बटण दाबलं.

पयले सुगतचा बारका खोकला आला, तो काढायचा ऱ्हायला व्हता. मंग त्याचा आवाज. वैनीनं हात जोडले आन् त्याच्या मागं म्हणायला लागली.

आता विहार झाडून झालं की रोज तीच लावती. कोणाला हाक मारत न्हाई.